उगाच जाणारी होडी

आमच्या शेजारचे श्रीपती कांबळे, म्हणजे अण्णा, रोज सकाळी गच्चीवर जातात, उजव्या हाताची करंगळी तोंडात घालतात, ओली करून बाहेर काढतात आणि आभाळाकडे धरून उभे राहतात. मी शाळामास्तर आहे. करंगळी वर केलेला माणूस दिसला की "जा, लवकर ये" असं म्हणायची मला सवय आहे. पण अण्णा काही परवानगी मागत नसतात. ते वारा बघत असतात. मग खाली वाकून मला सांगतात, "पश्चिमेचा हाय, सर."

मी तेव्हा दात घासत असतो. तोंडात फेस असल्यामुळे नुसती मान हलवतो आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. खरं तर कोल्हापूरजवळच्या उचगावात राहून वाऱ्याची दिशा कळायला करंगळी लागत नाही. साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की तो कुठून आला हे नाकालाच कळतं. पण अण्णांना वारा हवा होता तो शिडासाठी. शिडाच्या होडीत बसायचं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कोल्हापुराला समुद्र नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मीच सांगितलं होतं, भिंतीवरचा नकाशा दाखवून.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, हा माझा पहिला गुन्हा. भूगोलाच्या मास्तराला वारे आणि भरती-ओहोटी सगळं आतून ठाऊक असतं, अशी अण्णांची पक्की समजूत. मला मोसमी वारे माहीत आहेत, पण ते परीक्षेला येतात म्हणून. दुसरा गुन्हा म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. जुनी, डिझेलची. सुरू केली की शेजारी पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. अण्णांच्या बायकोला, म्हणजे सुमनवैनींना, ती गाडी अजिबात खपायची नाही. मी किल्ली फिरवली की त्या हातातलं काम टाकून आत जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. इतकं तोंडावर दार लावलेलं मला लागायचं. पण वैनींना विचारणार कोण? त्या बोलायच्याच नाहीत. "बरं हाय" आणि "ठेवा तिथं" यापलीकडे त्यांचा आवाज मी क्वचित ऐकला होता.

अण्णांनी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात सीटा शिवल्या. आजही बसमध्ये चढले की ते आधी सीट दाबून बघतात, मग कड उलटून शिलाई तपासतात. त्या सीटवर कुणी बसलेलं असेल तर त्याला जरा उठायला सांगतात. मूळचं दोघांचं गाव पंचगंगेच्या काठावर. तिथे घर होतं, थोडी शेती होती, गोठ्यात एक म्हैस होती. महापूर आला, घर गेलं, आणि दोघं आमच्या कॉलनीत राहायला आली. मूलबाळ नाही. निवृत्त माणसाने नाना-नानी पार्कात जावं, भिशी लावावी, गुडघ्यांबद्दल बोलावं. अण्णांना मात्र वैनींना एकदा होडीत बसवायचं होतं. तेही कुठल्याही होडीत नाही.

"उगाच जाणारी होडी पायजे, सर," ते म्हणायचे. "काम असंल म्हणून जाती ती न्हाय. उगाच."

पहिला प्रयोग त्यांनी घरच्या घरीच केला. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती लोखंडी काहील परातीसारखी गोल असते आणि आत चार माणसं मावतील एवढी मोठी. पुराच्या वेळी नदीकाठचे लोक तीत बसून बांबूने रेटत गल्लीगल्लीतून फिरतात. अण्णांनी जन्मात चालवलेली होडी ती एकच. तेव्हा होडीला शीड लावायचं म्हणजे काहिलीला लावायचं, हे त्यांना सरळच वाटलं. मुरगूडच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळातून त्यांनी काहील टेम्पोत घालून आणली, मधोमध बांबू उभा केला आणि त्याला सीटच्या हिरव्या रेक्झिनचं शीड बांधलं. शिलाई अशी सुरेख की बघत राहावं. मग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत, साठलेल्या पाण्यात, ती सोडली.

काहील गोल. तिला पुढचं-मागचं काही नाहीच. वारा लागल्यावर ती जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. अण्णा बांबूला मिठी मारून मधे उभे. माझ्याकडे तोंड आलं की ते एक शब्द बोलायचे, तेवढ्यात पाठमोरे व्हायचे. "सर..." मग फेरी. "ही..." मग फेरी. "नुसती फिरती की" एवढं ऐकायला मला बराच वेळ काठावर थांबावं लागलं. बाहेर आल्यावर ते झाड धरून ओकले. काहिलीच्या कडेला जुना गूळ चिकटलेला होता, तो त्यांच्या पँटला लागला, आणि घरापर्यंत मुंग्या आल्या. वैनींनी ती पँट न बोलता बादलीत बुडवली.

"लांबट पायजे," अण्णांनी निष्कर्ष काढला. "आन समुद्र पायजे. उद्या रविवार हाय न्हवं?"

माझे रविवार संपले ते तिथे. आठवडाभर वर्गात ओरडून घसा बसलेला असतो, शनिवारी रात्री कुठे जरा बरं वाटतं, आणि सकाळी दारात अण्णा उभे. हातात वैनींनी दिलेली भाकरी-खर्ड्याची शिदोरी. आंबा घाट उतरायचा, रत्नागिरीचं ऊन खायचं, आंबा घाट चढायचा. माझी कंबर त्या घाटाची वळणं अजून बोलून दाखवते. सरळ नाही म्हणून का सांगत नाही, असं बायको विचारते. नाही म्हणायलाही अंगात थोडी ताकद लागते. ती माझ्यात रविवारी नसते.

मांडवीपासून मिऱ्यापर्यंत अण्णांनी सगळा किनारा पालथा घातला. होडीवाले धावत यायचे. कुणी डॉल्फिन दाखवतो म्हणायचा, कुणी समुद्रातून किल्ला, कुणी दोरीला बांधून आकाशात उडवायला तयार. अण्णा सगळ्यांना शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "पावणं, उगाच जाणारी हाय का?"

"उगाच म्हणजे कुठे?"

"कुठंच न्हाय. जायाचं, जरा ऱ्हायाचं, परत यायाचं."

होडीवाला मग माझ्याकडे बघायचा. मी या माणसाचा पालक आहे असं त्याला वाटत असावं. मी समुद्राकडे बघायचो.

उरलेले प्रश्न याहून अवघड होते. इंजिन आहे का? आहे म्हटलं की अण्णा पुढे निघायचे. इंजिन नसलेली होडी निघालीच, तर पोहण्याचं जाकीट कुठल्या रंगाचं आहे? जाकिटं सगळीकडे नारिंगीच असतात. दुसऱ्या रंगाचं नाही का, म्हणून ते हटून बसायचे, आणि काका, लग्नाला चाललाय की पाण्यात, असं एकाने त्यांना विचारलंही. एके ठिकाणी हौशी लोकांना शीड शिकवणारा क्लब सापडला. तिथल्या पोरसवदा प्रशिक्षकाने पूर्वीचा अनुभव विचारला. अण्णांनी अभिमानाने काहिलीचा सांगितला. तरीही तो बिचारा न्यायला तयार झाला. फक्त सुरक्षेसाठी मागून एक मोटारबोट येईल म्हणाला. अण्णा तिथल्या तिथे उठले.

"म्हंजे शीड पुढं आन इंजिन मागं. मग काय उपेग?"

त्या दिवशी घाट चढताना मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. तेच मधेच म्हणाले, "मिळंल. पुढच्या बारीला."

आणि मिळाली. भाट्याच्या खाडीकाठी मयेकर नावाचे एक म्हातारे कोळी जाळं विणत बसले होते. मुलांचे मोठे ट्रॉलर होते, यांनी मात्र वडिलांची शिडाची होडी मोडीत काढू दिली नव्हती. अण्णांनी आपला प्रश्न विचारला. मयेकरांनी आधी जाळ्यातली गाठ पुरी केली. मग म्हणाले, "आता उगाचच जाते."

अण्णा त्यांच्याशेजारी वाळूत बसकण मारून बसले. होडीच्या मागच्या टोकाला गोणपाटाखाली एक छोटं इंजिन होतं, वारा पडला तर म्हणून. ते सुरू करायचं नाही, असं अण्णांनी मयेकरांकडून कबूल करून घेतलं. जाकिटं नारिंगीच होती. अण्णांनी खिशातून टेप काढला आणि त्यांची मापं घेतली. त्या आठवड्यात त्यांचं मशीन सारखं चालू होतं. जाकिटांवर त्यांनी निळ्या फुलाफुलांच्या सुती कापडाच्या खोळी शिवल्या, कडेला एसटीच्या सीटला असते तशी पायपिंग. माझ्या वाट्याला कापड कमी पडलं म्हणून माझी खोळ कैऱ्यांची आली. मी ती न बोलता घातली. आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सुमनवैनी पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसल्या. पदर दोन्ही कानांवरून गच्च गुंडाळून घेतला होता आणि रत्नागिरी येईपर्यंत डोळे उघडले नाहीत. माझ्या गाडीचा एवढा अपमान आजवर कुणी केला नसेल.

होडीत मात्र त्यांनी पदर सैल केला. शीड भरलं, आणि खाडीच्या तोंडाकडे आम्ही जायला लागलो. पाणी लाकडाला लागून चुबुक चुबुक वाजत होतं. दुसरा आवाज नव्हता. अण्णा वैनींच्या अंगाला अंग लावून बसले होते आणि त्यांचा कान वैनींच्या तोंडाशी होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, या वयात काय हे. वैनी पाण्याकडे बघत होत्या. बोलत नव्हत्या.

मग वारा पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. मयेकरांनी बराच वेळ वाट पाहिली, सूर्याकडे पाहिलं आणि गोणपाट बाजूला करून इंजिनाच्या दोरीला हात घातला. अण्णा एकदम उठले. होडी डचमळली. त्यांनी मयेकरांचं मनगट धरलं, ते सोडेचनात.

माझा मात्र तोल गेला. मी म्हणालो, अण्णा, पुरे झालं आता. मला उद्या शाळा आहे, पेपर तपासायचे पडलेत, अंधाराच्या आत घाट चढायचाय, आणि मी हे कैऱ्यांचं जाकीट घालून पाण्यात अडकून बसलोय. मनगट सोडून अण्णा माझ्याशेजारी सरकले. एरवी त्यांचं बोलणं चार घरं ऐकतात. आता ते इतकं हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"पुरात आमास्नी न्यायला मोटारबोट आलती, सर. हीच नारिंगी जाकिटं. पोरं चांगली हुती, पर घाई. ही ओरडत हुती, म्हस बांधल्याली ऱ्हायलीया, दावं सोडा म्हणून. इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं न्हाय. मी शेजारीच हुतो. मला वाटलं, भ्याली म्हणून ओरडती. मी तिला गप म्हनलं."

"तवापासनं ती गपच हाय," अण्णा म्हणाले. "म्हनलं, एकदा हिला अशा होडीत बसवू, जिथं ती बोलली तर मला ऐकू यील."

मयेकरांनी ते ऐकलं असावं. त्यांनी दोरी सोडली आणि इंजिनावर गोणपाट पुन्हा नीट झाकलं. आम्ही बसून राहिलो. अण्णांचा कान परत वैनींच्या तोंडाशी गेला. वैनींनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "खारटच हाय की."

तेवढंच. अण्णा आणखी ऐकायला थांबले, पण पुढे काही आलं नाही. शेवटी त्यांनी करंगळी ओली करून वर धरली. "आला," असं म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. थोड्या वेळाने शीडही हललं आणि आम्ही काठाला लागलो.

परतीच्या वाटेवर अण्णा पुढे माझ्याशेजारी बसले होते. मांडीवर फुलाफुलांच्या खोळींची घडी होती. एवढ्या खेपांत पहिल्यांदाच ते "पुढच्या बारीला" म्हणाले नाहीत. माणूस इतका दमलेला मी आरशाखेरीज कुठे पाहिला नव्हता.

घाट लागला. दुसऱ्या गियरवर गाडी गुरगुरत चढायला लागली. ऊन उतरलं होतं. मी मागचं बघायला आरशात पाहिलं, तर वैनींचा पदर कानांवरून खाली आला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. काय बोलत होत्या ते मला कळलं नाही. अण्णांनाही काहीतरी जाणवलं. ते मान वळवून, कानाला हात लावून विचारायला लागले, "काय? काय म्हंतीस?" वैनी पुन्हा काही बोलल्या. इंजिनाने ते गिळून टाकलं. अण्णांनी पुन्हा विचारलं. वैनींनी मान हलवली, काही न्हाय अशी, आणि पदर परत कानाकडे न्यायला लागल्या.

वळणाच्या पुढे रस्ता जरा रुंद होता. मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"वैनी, आता बोला," मी म्हणालो. "मला घाई नाही."

अण्णा सीटवरून पूर्ण मागे वळले.

"दाव्याला सरकगाठ मारलीती मी," वैनी म्हणाल्या. "वढलं असंल तर सुटली असंल न्हवं ती?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "ऐकलं मी."