दहापैकी दोन

आमच्या इंदापुरात माणसाच्या चालण्याला मार्क देणारा एकच इसम आहे, आणि माझं नशीब असं की त्याचा बर्फाचा कारखाना माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानाला लागून आहे. सलीमभाई दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तपासतात. "गुडघा वाकत न्हाय. दहापैकी तीन." उजनीचे मासेवाले बर्फ न्यायला येतात, तेही सुटत नाहीत. मला तर कायम दोन.

हे खूळ मोबाईलमधून आलं. युकिए नावाची कुणी जपानी मुलगी बर्फावर नाचते. जोडीदाराबरोबर नाचायचं, एकमेकांपासून फार लांब गेलं की मार्क कापतात, हे ज्ञान मी न मागता मला मिळालं. कधी ती अकरावी आली, कधी सातवी. पहिली एकदाही नाही. सलीमभाईंना मात्र सगळ्या स्पर्धा तोंडपाठ. वर तिथल्या बर्फावर यांचा शेरा: "घाईत गोठवलाय. असला माल मी मासळीला पन देनार न्हाय." महाबळेश्वरसुद्धा न पाहिलेला माणूस जपानला बर्फ शिकवतो!

कारखान्यात बर्फाची लादी दोघांनी ओढायची असते. दोन बाजूंनी दोन लोखंडी आकडे अडकवून, डावा पाय आधी, ओल्या फरशीवर पावलं जुळवत. दुसरा आकडा तीस वर्षं नामदेवच्या हातात होता. दोन वर्षांपूर्वी गारठ्यानं त्याचे गुडघे गेले आणि तो अंथुर्ण्याला घरी जाऊन बसला. तेव्हापासून हे एकटेच लादी ओढतात, साठी उलटून गेली तरी.

"सलीमभाई, दुसरा माणूस बघा. एक दिवस लादीखाली याल."

"जोडी म्हंजी काय मोटारीचं बेरिंग हाय व्हय, गेलं की बदललं?"

नामदेवला भेटायला मात्र एकदाही गेले नाहीत. "काय तोंड घिऊन जाऊ? त्याचं गुडघं माझ्याच बर्फानं खाल्लं."

यंदा युकिएच्या जोडीदाराचा गुडघा गेला. सलीमभाईंचं जेवणावरून लक्ष उडालं. आणि मग ती नवा जोडीदार घेऊन उतरली. "बेइमान!" म्हणत त्यांनी मोबाईल फडताळात टाकला. चार दिवस कुणाला मार्क नाहीत. पाचव्या दिवशी लादी घसरली आणि बोटभर अंतरानं त्यांचा पाय वाचला.

मी ती स्पर्धा घरी पाहिली होती. टिंगलीला मुद्दे हवेत म्हणून. युकिए शेवटची आली. पण नाच संपल्यावर ती थेट कठड्याकडे गेली. तिथं जुना जोडीदार कुबड्या घेऊन बसला होता. रडत होता, टाळ्या वाजवत होता. मी माझा मोबाईल सलीमभाईंपुढे धरला. त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा पाहिला.

"मोटारवाले, गाडी काढा. अंथुर्ण्याला जायचंय."

नामदेव ओसरीवर बाजेवर बसला होता. सलीमभाईंनी मान खाली घालूनच विचारलं, "दुसरा मानूस ठिवू का?"

"दोन वर्सं एकटा वडतोयस?" नामदेव ओरडला. "डोकं हाय का खोकं? आन मला इचारायला दोन वर्सं लागली व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी तो मुलाच्या मोटारसायकलवरून आला आणि कारखान्यात खुर्चीवर बसला. नवा माणूस मिळेपर्यंत दुसरा आकडा माझ्या गळ्यात पडला होता. डावा पाय आधी, हे तीनदा बजावूनही मी उजवा टाकला आणि घसरलो. कशीबशी लादी दारापर्यंत गेली.

"मोटारवाल्याला दोन," नामदेव म्हणाला.

सलीमभाई हसले नाहीत. आकडा हातात धरून ते खुर्चीकडे बघत उभे राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. गावभर मार्क वाटणाऱ्या या माणसाला दोन वर्षांत मार्क द्यायला कुणीच नव्हतं. मी मात्र त्यांना हसत राहिलो होतो. मला माझीच लाज वाटली.

"तुझा गुडघा बी आता वाकत न्हाय, सलीम," नामदेव म्हणाला. "पर नऊ."

सलीमभाईंनी ओल्या बाहीनं तोंड पुसलं आणि आकडा पुढच्या लादीत मारला.

"चला मोटारवाले. डावा पाय."