कुडव्यात रश्मी राहत नाही

खुशाल मेश्रामला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आपल्या पंक्चरच्या दुकानात बसून हे तो स्वतःच सांगायचा.

त्याची मुलगी रश्मी भारताच्या महिला फुटबॉल संघाच्या शिबिरात होती. परदेशातली मोठी स्पर्धा महिन्यावर आलेली आणि तिचा पासपोर्ट अजून निघायचा होता. तिने फोनवर बजावलं, "बाबा, पासपोर्टसाठी पोलीस चौकशीले येतीन. आन् एका पोरीच्या घरी भामटा येऊन गेला, संघाचा माणूस म्हणून. अनोळखी माणसाले माह्याबद्दल काही सांगू नका."

"मले शिकवतं का?" म्हणत खुशालने त्याच संध्याकाळी सगळी गल्ली पढवून ठेवली.

मंगळवारी एक माणूस स्कूटीवरून आला. साधा शर्ट, पायात चप्पल, हातात प्लास्टिकची पिशवी. पोलीस म्हटला की जीप हवी, खाकी हवी!

"रश्मी मेश्राम यहीं रहती है?"

"कोण रश्मी?"

"आपकी लड़की."

"मले पोरगीच नाही!"

आतून बायको रुक्माबाई लाटणं घेऊन आली. "आमाले पोरगी नाही बा," म्हणाली आणि आत जाऊन तिने स्वतःचे कान धरले.

माणूस समोरच्या हिरालाल किराणावाल्याकडे गेला. हिरालालने तर कमालच केली. "मेश्रामले मूलबाळच नाही. बिचारा!"

"फिर ये कौन है?" माणसाने चौकात बोट दाखवलं. तिथे पंधरा फुटांच्या बॅनरवर रश्मी हसत होती.

"ते निवडणुकीचं हाये," हिरालाल म्हणाला. "पडली ते."

माणसाने काहीतरी लिहून घेतलं आणि गेला. गल्लीने खुशालला चहा पाजला.

शुक्रवारी रश्मीचा फोन आला, रडतच. "बाबा, पोलिसांनी लिहिलं का, या पत्त्यावर अशी मुलगी राहतच नाही! दहा दिवसांत पासपोर्ट नाही भेटला तं माह्या जागी दुसरी जाईन. काऊन असं केलं?"

खुशालचं तोंड फुटक्या ट्यूबसारखं झालं. तो जन्मदाखला, रेशनकार्ड, शाळेतले फोटो आणि हिरालाल, एवढं सगळं घेऊन ठाण्यात धावला. टेबलामागे तोच माणूस बसला होता, आता खाकीत आणि मराठीत. हवालदार चंद्रकुमार.

"या! ही कोण?" त्याने फोटो उचलला.

"माही पोरगी, साहेब."

"केव्हा झाली? मंगळवारपर्यंत तर नव्हती."

"साहेब, खरी पोरगी हाये," हिरालाल मध्ये पडला. "मी बारशाले जेवलो!"

"तुम्ही गप्प बसा!"

खुशालने हात जोडले. "साहेब, पोरगी सात वर्षं पहाटे उठून धावून राहिली. चूक माही हाये. तिले कायले सजा?"

चंद्रकुमारने फोटो खाली ठेवला. मग नवा कागद ओढला. "दोन साक्षीदार आणा. हे सोडून."

पासपोर्ट दोन दिवस राखून निघाला. रश्मी संघाबरोबर विमानात बसली, तेव्हा रुक्माबाईने गल्लीभर पेढे वाटले.

पहिल्या सामन्याच्या दिवशी दुकानासमोर गाडी थांबली. कॅमेरा घेतलेली एक बाई उतरली. "रश्मीचे वडील तुम्हीच ना? मुलाखत हवी होती."

खुशालने आधी ओळखपत्र मागितलं. ते नेमकं ऑफिसात राहिलं होतं.

संध्याकाळी सगळ्या गोंदियाने टीव्हीवर हिरालालला पाहिलं. डोळे पुसत तो सांगत होता, "रश्मी म्हणजे मले पोरीसारखीच!"