राजा बोरगारची सुटका

बाबांचा अंत्यविधी रोवेनाने असा काही पार पाडला, की नॉटिंगहॅमशेजारच्या अख्ख्या बीस्टन गावात तसा कुणाचा झाला नव्हता! हे तिचं स्वतःचंच मत होतं, पण विचारलं नाही तरी ती ते सांगायची. सँडविच कमी पडले नाहीत आणि उरलेही नाहीत. गाड्या वेळेवर आल्या. ऑर्गन वाजवणारा चुकला नाही. मॉड आत्या कुणाशीही न भांडता घरी गेली, हा तर दैवी चमत्कार! आणि शेवटचा नाजूक भाग म्हणजे, शवपेटी बंद व्हायच्या आधी तिने बाबांच्या सुटाच्या वरच्या खिशात त्यांचा लाडका शिशाचा राजा अलगद ठेवला. तांबडी दाढी, हातात घण, उंची अंगठ्याएवढी. वर्षानुवर्षं तो त्यांच्या उशाशी, चष्म्याशेजारी उभा असायचा.

"एक चूक काढून दाखव," ती आईला म्हणाली.

"नाही गं," बेरिलबाई म्हणाल्या आणि चहात धरलेलं बिस्किट तुटून बुडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

तीन आठवडे सगळं शांत होतं. मग प्रूचा फोन आला.

प्रू म्हणजे बाबांच्या लढाईच्या खेळाच्या क्लबची प्रू, निवृत्त भूगोल शिक्षिका. खेळातल्या तीन खोऱ्यांचा नकाशा हिनेच काढलेला, आणि त्या खोऱ्यांत पूर कधी यायचा, दुष्काळ कधी पडायचा, हेही तीच ठरवायची. नकाशात एका बाजूला मॉरिस ऑलसॉप, म्हणजे बाबा, आणि त्यांची निळ्या कोटांची फौज. दुसऱ्या बाजूला नेव्हिल ग्रेटोरेक्स, रोवेनाचे नेव्हिलकाका, आणि त्यांचे डोंगरी बुटके. दर शनिवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये टेबलावर शिशाच्या सैनिकांची लढाई व्हायची. कोण जिंकलं यावरून पुढच्या लढाईची गोष्ट ठरायची. रोवेना पहिलीत होती तेव्हापासून ही मोहीम चालू होती. तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत आईबाबांच्या गल्लीत राहायला आली, तरी ईशान्येचा किल्ला काही पडला नव्हता!

बाबा जन्मभर सायकलींच्या कारखान्यात होते, पण त्यांचा हात होता चित्रकाराचा. माळ्यावरच्या खोलीत, दिव्याखाली, दोन केसांच्या ब्रशने ते सैनिकाच्या बटणावर उजेड पाडायचे. लहानपणी रोवेना शेजारच्या स्टुलावर बसायची. तिच्याकडे एकच काम होतं, सैनिकांच्या पायाखाली डिंकाने गवत चिकटवायचं. "गवत नसेल तर माणूस उभा राहील कुठं?" बाबा म्हणायचे. अख्ख्या फौजेच्या पायाखालचं गवत तिचं होतं.

"शनिवारी मोहीम संपवतोय," प्रू म्हणाली. "मॉरिसशिवाय कुणाला हुरूप नाही. शेवटची लढाई तू खेळ. बाबांची फौज, बाबांची खुर्ची. आणि हो, कैदी घेऊन ये."

"कुठला कैदी?"

"बोरगार गं! नेव्हिलचा राजा! दगडी पुलाच्या लढाईत तुझ्या बाबांनी धरला नव्हता का? नियम माहीत आहे ना तुला? धरलेला सरदार धरणाऱ्याच्या घरी राहतो. खंडणी मिळेपर्यंत, नाहीतर मोहीम संपेपर्यंत. आता मोहीम संपली, राजा सुटला. नेव्हिलचं बाकी काही मागणं नाही. अंत्यविधीपासून तो घराबाहेरच पडला नव्हता. राजा मिळणार म्हटल्यावर कुठं येतो म्हणाला."

"तांबडी दाढी?" रोवेनाचा आवाज बारीक झाला. "हातात घण?"

"तोच. मॉरिसच्या उशाशी असायचा बघ."

रोवेना जिन्यावरच बसली. खुर्ची होती, पण ती चार पावलं लांब होती.

यात तिचा काय दोष? नेव्हिलकाका जन्मभर बस चालवत होते, आणि त्यांची फौज त्यांनी बस चालवता चालवताच रंगवली असावी असं दिसायचं. एकाच्या मिशा कपाळावर, दुसऱ्याचा पट्टा गळ्यात! उशाशी उभा असलेला राजा मात्र असा देखणा, दाढीचा केस न् केस वेगळा. तो बाबांचाच, याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. आता तिला वाटलं, असतं एखाद्याचं. ज्याला अंडं उकडता येत नाही त्याचाही आयुष्यात एखादा केक फुगतो. काकांचा एकमेव फुगलेला केक तिने सहा फूट जमिनीखाली पाठवला होता!

तिने अंत्यविधीवाल्यांना फोन केला. तिकडचा माणूस मृदू आवाजात म्हणाला, "पुन्हा उघडायचं म्हणजे सरकारी परवाना लागेल. जागा चर्चची, म्हणजे बिशपसाहेबांकडेही जावं लागेल. कारण काय लिहू, मॅडम?"

"एक बुटका," रोवेना म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पण ऑलसॉपांची मुलगी हार मानणारी नव्हती. बाबांनी कैद्याला सांभाळायचा शब्द दिला होता. ते गेल्यावर लोकांनी "मॉरिसने राजा हरवला" म्हणावं? तिने माळ्यावर जाऊन बाबांचे खण उपसले, आणि काय आश्चर्य! तळाच्या खणात तोच राजा! कोरा, शिशाचा, बिनरंगाचा. एक नाही, दोन! आपल्या फौजेत एकही बुटका नसताना बाबांनी हे कशाला आणून ठेवले असतील, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण तिने छताकडे बघून "थँक यू, बाबा" म्हटलं आणि दिवा लावला.

"अंगठ्याएवढा माणूस!" ती आईला म्हणाली. "दुपारच्या जेवणाआधी संपवते!"

पहिल्या राजाच्या दाढीवर तिने रंग इतका थापला, की राजा लाल मफलर गुंडाळल्यासारखा दिसू लागला. पायाखाली गवत लावायला बाबांचा जुना डिंक काही उघडेना, म्हणून तिने दुसरी एक ट्यूब घेतली. ती ट्यूब बाबा तुटलेल्या तलवारी जोडायला वापरायचे. राजा तिच्या अंगठ्यालाच चिकटला! ओढला, सुटला नाही. साबणाच्या पाण्यात बुडवला, सुटला नाही. तेवढ्यात पोस्टमन पाकीट घेऊन दारात आला. सही करायला तिने पेन धरलं, तर पेनावर राजा स्वार.

"भारी आहे की," पोस्टमन म्हणाला. "नातवासाठी मिळेल का असलं?"

"आता तो तुझाच झाला बाई," आई म्हणाली. "आडनाव बदलून टाक."

संध्याकाळी राजा सुटला. त्याचा उजवा हात, घणासकट, रोवेनाच्या अंगठ्यावर राहिला.

आता एकच राजा उरला होता. त्याच्या बाबतीत तिने कमालीची सावधगिरी बाळगली. रंग पातळ केला, दाढी बारीक ओढायला गेली ती छातीवर ओघळली, झगा हिरवा केला. शेजारी चहाचा मग, त्याच्या शेजारी ब्रश धुवायचा मग. ब्रश चहात बुचकळला आणि घोट घेतला तो दुसऱ्या मगातला! दुसऱ्या दिवशी ती नोकरीवर गेली. नोकरी कुठे, तर दाताच्या दवाखान्यात, अगदी समोरच्या टेबलावर.

"या, बसा," तिने हसून म्हटलं.

आलेले गृहस्थ तिच्या हिरव्या दातांकडे बघत राहिले. "इथं दात साफ करून मिळतात ना?"

"हो, अगदी!"

"मग राहू दे," म्हणून ते गेले.

उरले होते डोळे. ती पुन्हा दिव्याखाली बसली, श्वास रोखला. बाबा असेच श्वास रोखायचे, आणि स्टुलावरची मुलगी त्यांच्याबरोबर श्वास रोखून बसायची. मग बाबा फुस्सकन हवा सोडून म्हणायचे, "जगला!" रोवेनाने एक ठिपका दिला, दुसरा दिला आणि फुस्सकन हवा सोडली. राजाचा एक डोळा नॉटिंगहॅमला, दुसरा डर्बीला!

"आई, बाबांच्या राजाचे डोळे कसे होते गं?"

"कुठल्या राजाचे?" बेरिलबाईंनी विचारलं. मग एकदम उठून त्यांनी व्हॅक्यूम काढला आणि कालच साफ केलेला गालिचा पुन्हा साफ करायला घेतला.

शनिवार उजाडला. हॉलमध्ये चहाचं मोठं पिंप खदखदत होतं. टेबलावर थर्माकोलचे डोंगर, रंगवलेल्या भुशाचं रान, मधून काचेसारखी चकाकणारी नदी. नदीकाठी निळे कोट ओळीत उभे होते आणि त्यांच्यामागे बाबांची खुर्ची. कुणीतरी तिच्यावर त्यांची उशीही ठेवली होती. रोवेना आणि आई आत आल्या तसे सगळे उठून उभे राहिले. असं काही होईल म्हणून ती सकाळपासून मनाची तयारी करत होती, तरी तिला पर्समध्ये काहीतरी शोधावं लागलंच.

नेव्हिलकाका पलीकडे उभे होते. माणूस बसएवढा, पण कोट आता अंगावर लोंबत होता.

"काय बदके, बरी आहेस ना?" ते म्हणाले. नॉटिंगहॅमला सगळेच एकमेकांना बदक म्हणतात, पण काकांच्या तोंडून ते ऐकलं की ती अजूनही दोन वेण्यांची व्हायची. "दात काय झाले तुझे?"

"पालक," ती म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

प्रूने चमच्याने कप वाजवला. "तीन खोऱ्यांच्या वतीने, राजा बोरगारची सुटका!"

रोवेनाने पुढे होऊन, ज्यात राजा आणला होता तो चहापत्तीचा डबा उघडला. काकांनी राजा तळहातावर घेतला, चष्मा बदलला आणि उजेडाकडे धरला. मग काकांची हनुवटी थरथरायला लागली.

'संपलं,' रोवेनाने मनात म्हटलं. 'मी काकांच्या एकुलत्या एक केकवर बसले.'

"काका, मला माफ करा, तो..."

"माझा बोरगार!" काका ओरडले. "अरे बघा! माझा बोरगार! हे डोळे बघा, एक नॉटिंगहॅमला, एक डर्बीला! ही दाढी बघा, जॅम सांडल्यासारखी! बेरिल, कुठं सापडला गं हा?"

"मला नाही माहीत," आई घाईघाईने म्हणाली. "मी तर तो व्हॅक्यूममध्ये..." आणि थांबली.

काका हळूच तिच्याकडे वळले.

"कैदेतल्या पहिल्याच नाताळात, नाही का?" काका म्हणाले.

बेरिलबाईंनी हातमोजे आवळले. "पलंगाखाली पडला होता. व्हॅक्यूममध्ये खडखडलं, मला वाटलं खडा. कचऱ्याची गाडी जाईस्तोवर कळलंच नाही. मॉरिस दोन दिवस जेवला नाही. मग दुकानातून तसलेच तीन घेऊन आला आणि माळ्यावर जाऊन बसला."

रोवेना आईकडे बघत होती. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बाबांना शब्द दिला होता."

"मला तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले. "नाताळनंतर कैद्याला भेटायला गेलो, बघतो तर काय! पापण्या! अरे, राजाला पापण्या! आयुष्यात मी बुटक्यालाच काय, बायकोच्या फोटोलाही पापण्या काढू शकलो नसतो. मॉरिसला जगातलं सगळं हुबेहूब करता यायचं. माझ्यासारखं वाईट तेवढं काही त्याला रंगवता येईना!"

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" प्रूने विचारलं.

"बोललो असतो तर त्याला माफी मागावी लागली असती. मॉरिसला! आजारी पडला असता गडी." काकांनी राजाच्या घणावरून बोट फिरवलं. "आणि खंडणी देऊन राजा सोडवला असता, तर दर गुरुवारी त्याच्याकडे जायचं निमित्त काय सांगितलं असतं? म्हणायचो, 'कैद्याला बघायला आलोय.' तो म्हणायचा, 'कैद्याची तब्येत बरी आहे, तुझी दिसत नाही, बस.' मग बेरिल चहा टाकायची."

आता मात्र रोवेनाला राहवेना. "काका, हा मी रंगवलाय. बाबांचा जो होता... तो मी त्यांच्या खिशात ठेवला. सुटाच्या, वरच्या. मला वाटलं त्यांचा आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ओलीस बरोबर घेऊन गेला," ते म्हणाले. "चिकट लेकाचा! तिकडे पोचलो की पहिल्यांदा खंडणी मागेल माझ्याकडे."

आधी प्रू हसली, मग सगळेच. आई हातमोज्यात तोंड लपवून हसत होती आणि रडत होती. रोवेना नुसतीच हसली, हिरव्या दातांसकट.

मग लढाई झाली. तिच्याबद्दल थोडक्यात सांगितलेलंच बरं. बाबांनी इतकी वर्षं राखलेला ईशान्येचा किल्ला रोवेनाने चहाचा दुसरा कप यायच्या आत घालवला. फासे टाकले की एक! परत टाकले की एक! नवा बोरगार डर्बीकडे बघत नॉटिंगहॅमवर चालून आला आणि त्याने निळ्या कोटांच्या सेनापतीला, बाबांच्या कॅप्टन लार्कला, नदीकाठी जिवंत धरलं.

"मोहीम संपली," प्रू म्हणाली.

"संपली कशी?" काका म्हणाले. "माझ्याकडे कैदी आहे की! खंडणी दर गुरुवारी एक पोर्क पाय, ताजा भाजलेला, आत खिमा भरलेला. ऑलसॉपांच्या माणसाने जातीने आणायचा. बेरिललाही आण, पण व्हॅक्यूमला हात लावायचा नाही."

प्रूने नकाशाकडे पाहिलं आणि गुंडाळायला घेतलेली कडा पुन्हा सपाट केली.

काकांनी कॅप्टन लार्कला उचललं. त्याच्या बुटांखाली एका बाजूला डिंकाचा मोठा गोळा होता आणि त्यात नको इतकं गवत. इतक्या वर्षांत बाबांनी ते कापून नीट केलं नव्हतं. काकांनी त्यावर हळूच फुंकर घातली, कोट उघडला आणि कॅप्टनला वरच्या खिशात...

"खिशात नको!" रोवेना एवढ्याने किंचाळली, की थर्माकोलचा एक डोंगर खाली आला.

"घाबरू नकोस गं बदके," नेव्हिलकाका म्हणाले. "हा कोट अजून वापरात आहे."