अर्ध्या तिकिटाचं गाव

आमच्या शेजारचे देवरावभाऊ पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचं आयुष्य किती ते सांगून मोकळे होतात. "गाव कोनतं?" असं विचारायचं, डोळे किलकिले करायचे आणि निकाल द्यायचा. माझे जावई पहिल्यांदा यवतमाळला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात असतानाच त्यांना ऐकावं लागलं, "झरीकडचे का? मंग घर लवकर बांधून घ्या बाप्पा." त्यानंतर जावई बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी घाटंजीच्या बाजूला गेली. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं, तेव्हा कोणत्या थांब्यावर अर्धी तिकिटं जास्त फाटतात त्यावरून त्यांनी गावागावांचं आयुष्य ठरवून टाकलं. नाल्याच्या अलीकडचं गाव आलं की काठ्या, कवळ्या, पानाचे डबे सगळं गाडीत चढायचं. पलीकडच्या गावात सगळी पूर्ण तिकिटं. "तिथं म्हतारा दाखवाले बी भेटत नाही!"

कारण विचारलं की अलीकडच्या विहिरीच्या पाण्याचे गोडवे सुरू. अहो, दवाखाना अलीकडे आहे, पावसाळ्यात पूल बुडाला की पलीकडचा आजारी माणूस खाटेवरच राहतो, हे मी सांगून पाहिलं. "ते बी हाये," म्हणाले आणि पुन्हा विहिरीवर आले.

खुद्द भाऊ पलीकडचे आणि बायको, सुमनताई, अलीकडच्या. भाऊंच्या घरात बापानं, काकानं, कोणीच साठी पाहिली नव्हती. त्यामुळे आपण लवकर जाणार आणि ही नव्वदी गाठणार, हे त्यांनी लग्नापासून धरूनच ठेवलं होतं. मग काय, बायकोला मागे राहण्याची शिकवणीच लावली. स्कूटी चालवणं, बँकेची कामं, फ्यूज बदलणं, सगळं. सुमनताई वैतागून ओट्याजवळून ओरडायच्या, "तुम्ही मराल तवा मरा! आधी इकडं भाजी जळून राह्यली!"

"माह्या मागं तुले कोनाचं तोंड पाहा नाही लागलं पायजे," भाऊ शांतपणे म्हणायचे आणि पुन्हा फ्यूज काढायला लावायचे.

स्वतः मात्र चहासुद्धा शिकले नाहीत. वापरायला आपण असणार थोडेच! साठी उलटली तेव्हा आनंद व्हायचा तर ते ओशाळल्यासारखे वागू लागले. पुढं पासष्टीनंतर गाडीत अर्धं तिकीट मागायलाही त्यांना लाज वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात सुमनताई दुपारी डोकं दुखतं म्हणाल्या आणि दिवस मावळायच्या आत गेल्या.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आमच्या दारात उभे. हातातल्या भाताच्या गंजात धुतलेले तांदूळ होते.

"ताई, पानी किती टाकते यात?"

मी तांदळावर बोट टेकवून पेरापर्यंत पाणी दाखवलं. त्यांनी स्वतःचं बोट बुडवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "भाऊ, आमच्याकडंच जेवत जा ना."

"नाही, शिकतो." ते जायला वळले आणि फाटकाशी थांबले.

"एकट्यानं कसं राहाचं," ते म्हणाले, "हे आमच्या घरात फक्त तिलेच येत होतं, ताई."