मुनीरसाबांचा थंड डबा

आमच्या लातूरच्या गल्लीतले मुनीरसाब कुणाच्या घरी गेले की आधी यजमानाला भेटत नाहीत, यजमानाच्या फ्रिजला भेटतात. चपला दाराशी काढायच्या, सरळ आत जायचं, फ्रिजच्या बाजूला तळहात लावायचा, डोळे मिटून जरा थांबायचं आणि मग "सलाम" म्हणत खुर्चीवर बसायचं. बसताना कपाळाला आठी दिसली तर समजावं की आजचा चहा सुखानं प्यायला मिळणार नाही.

"गरम हाय," ते म्हणतात. "गरम ते खोटं."

एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. टीव्हीची पाठ, इन्व्हर्टर, मोबाईलचा चार्जर, शेजाऱ्याच्या नव्या गाडीचं बॉनेट, सगळ्यांची परीक्षा त्यांच्या तळहातावर होते. खाल्लेली वीज कामाला लागली तर वस्तू थंड राहते, नुसती ऊब टाकत असेल तर ती फुकटखाऊ आहे, असा त्यांचा सिद्धांत. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे सुरुवातीला वाद घातला. मग इस्त्रीचं काय, असं विचारलं.

"इस्त्री कबूल करते ना, मी गरम हाय म्हणून," ते म्हणाले. "बाकीचे लपवतात."

त्यानंतर मी वाद घालणं सोडलं.

माणसांनाही हाच कायदा. निवडणुकीतला वक्ता घसा ताणायला लागला की मुनीरसाब सभेतून उठून येतात. पुतणीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा मुलाचे काका जरा चढ्या आवाजात बोलले. मुनीरसाबांनी घरी येऊन तेच तीन शब्द उच्चारले आणि स्थळ मोडलं. पुढे त्या मुलाला पुण्यात उत्तम नोकरी लागली. पुतणी अजूनही चाचांशी बोलताना भिंतीकडं बघून बोलते.

मुनीरसाबांनी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. खात्यानं त्यांना निवृत्त केलं, त्यांनी मात्र धरणांना निवृत्त केलं नाही. मांजरा धरणात किती पाणी आहे, तिकडं विष्णुपुरीची पातळी काय, हे रोज सकाळी बघितल्याशिवाय त्यांना नाश्ता जात नाही. आमच्या गल्लीत नळ मनात येईल तेव्हा येतो, म्हणून त्यांच्या बातमीला पेपरपेक्षा मान आहे.

यासाठी त्यांच्याकडं एक जुना, सुटे भाग जुळवून केलेला कॉम्प्युटर होता. ट्रंकेएवढा डबा, आणि चालू केला की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. एके दिवशी काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी तो डबा हातगाडीवर घातला आणि भंगारात देऊन आले. विचारलं तर म्हणाले, लई वीज खातो. गल्लीनं मान डोलावली. मुनीरसाब चिकट आहेत यावर आमच्यात आधीच एकमत होतं, आता पुरावा मिळाला.

मोबाईल त्यांना चालत नाही, कारण कानाला गरम लागतो. उदगीरला दिलेली मुलगी बापासाठी लॅपटॉप घेऊन आली. त्यांनी तो मांडीवर घेतला, खालून हात लावला आणि तिला परत दिला. मांडीवर शेगडी ठेवून कुणी धरण बघतं का, असं म्हणाले. लॅपटॉप उदगीरला परत गेला. मुलगी रागावून गेली ती वेगळीच.

मग कुठून तरी त्यांना थिन क्लायंट नावाच्या यंत्राचा पत्ता लागला. मोठ्या हापिसांतून वापरून काढून टाकलेला छोटा कॉम्प्युटर. वीज खातो एखाद्या दिव्याएवढी, आत पंखाच नाही. नांदेडला एक जण जुने विकतो, म्हणे. "चला गुरुजी, दोघं मिळून बघू." मी रिकामाच होतो. निघालो.

एसटीत त्यांनी मुद्दाम ड्रायव्हरच्या शेजारची, इंजिनाजवळची जागा धरली. चाकूर यायच्या आत इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून झाला. ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं चाचा? मुनीरसाबांनी गंभीरपणे सांगितलं, बुखार हाय. ड्रायव्हर हसला, पण लोह्याला गाडी थांबल्यावर स्वतः खाली उतरून रेडिएटरचं पाणी बघून आला आणि बाटलीभर ओतूनही आला. मुनीरसाबांनी मला चहा पाजला, आणि ही गोष्ट मी गल्लीत सांगितली तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

नांदेडचा दुकानदार देगलूरकडचा, व्यंकटअण्णा नावाचा. शब्दकोशाएवढे काळे डबे त्यानं फळीवर ओळीनं उभे केले होते. मुनीरसाबांनी एक उचलला. एवढ्याशा डब्यात मावतं काय, म्हणाले. अण्णानं समजावलं की हापिसात आतल्या खोलीत एक मोठा कॉम्प्युटर असतो, सगळं डोकं त्याच्याकडं. टेबलावरचे हे डबे फक्त तो सांगेल ते दाखवतात.

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच," मुनीरसाब म्हणाले. "डोकं वरच्या हापिसात, टेबलावर नुसता डबा."

डबा चालू केला तर तो आधीच्या हापिसाचा पासवर्ड मागायला लागला. अण्णानं स्क्रू काढले, आतला बटणाएवढा सेल उपसला, थोडं थांबून परत बसवला. डबा सगळं विसरून ताजातवाना झाला. मुनीरसाब त्या सेलकडं बराच वेळ बघत राहिले. माणसातही असा एखादा सेल पाहिजे होता, असं काहीतरी पुटपुटले. मग अण्णानं पेनड्राइव्हवरून एक हलकी, फुकटची सिस्टिम भरून दिली आणि पडद्यावर चित्र आलं.

आता तळहाताची परीक्षा होणार म्हणून मी बघत होतो. पण त्यांनी अण्णाला दुकानातला पंखा बंद करायला लावला, मला बोलू नका म्हणाले आणि डब्याला कान लावला. रस्त्यावरून रिक्षा गेली, ती जाईपर्यंत थांबले. पुन्हा कान लावला.

"काहीच न्हाई," ते म्हणाले.

अण्णा घाबरला. चालू हाय की साब, दिवा बघा, म्हणायला लागला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक तक्रार करून राहिलं. मुनीरसाबांचा चेहरा मात्र ईदच्या चंद्राची खबर आल्यासारखा उजळला होता.

येताना डबा त्यांच्या मांडीवर. घरी आल्यावर कळलं की त्याची वायर जुन्या पडद्याला बसत नाही. बोटभर जोडणीसाठी ते एकटेच पुन्हा नांदेडला जाऊन आले. मग डबा सुरू झाला आणि धरणं दिसायला लागली. फार सावकाश दिसायची. पान उघडेपर्यंत धरणात थोडं पाणी वाढलेलं असायचं. वीज वाचवायला माणूस दोनदा नांदेडला गेला, यावर गल्ली महिनाभर हसली. हसणाऱ्यांत मी पुढं होतो.

पुढं मे महिन्यात एका दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. मधल्या खोलीत मुनीरसाब पडद्यासमोर बसलेले, बनियन घामानं भिजलेला, आणि डोक्यावरचा पंखा बंद. बाहेर कावळासुद्धा सावलीला गेला होता. मी म्हणालो, पंखा तरी लावा, पंखा काही गरम होत नाही. ते हसले, बसा म्हणाले आणि मांजरातलं पाणी कसं उतरलंय ते सांगायला लागले. सांगता सांगता मध्येच थांबले. बोट वर केलं, उठले, आत गेले. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

परत आले आणि म्हणाले, "पाणी पाहिजे होतं तिला."

त्यांच्या बायकोच्या, बिल्किसभाभींच्या गळ्याचं ऑपरेशन झालेलं गल्लीला माहीत होतं. आम्ही जेवणाचे डबे पोचवले होते, फळं दिली होती, आणि आता बऱ्या असतील असं समजून गप्प बसलो होतो. त्या तशाही बाहेर फारशा येत नसत. आवाज परत आलाच नाही, नुसता श्वास येतो, हे मला त्या दुपारी कळलं. मी मास्तर, मला लगेच उपाय सुचला. एखादी घंटी ठेवा म्हणालो. मुलीनं आणून दिली होती म्हणे. भाभी ती वाजवत नाहीत. घंटी वाजवून नवऱ्याला बोलवायचं त्यांना बरं वाटत नाही.

मुनीरसाब पडद्याकडं बघत बोलत होते.

"त्या जुन्या डब्याचा आवाज तुम्हाला माहीत हाय. मी धरण बघून राहिलो होतो. ती न्हाणीत पडली होती. नुसत्या श्वासानं बोलावून राहिली होती मला. मी चहा करायला उठलो, तव्हा कळलं."

मी वरच्या बंद पंख्याकडं बघितलं.

"किती येळ बोलावलं, ते तिनं सांगितलं न्हाई. मी बी विचारलं न्हाई."

आतल्या दारात भाभी येऊन उभ्या राहिल्या. भिंतीला धरून आल्या होत्या. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानंच बसा म्हटलं आणि ओठ हलवले. मला काही कळलं नाही. मुनीरसाबांनी सांगितलं, सरबत घेणार का विचारते. मी नको म्हणून मान हलवली. मग त्या नवऱ्याकडं बघून बरंच काही बोलल्या. मधे एकदा पंख्याकडं बोट दाखवलं, एकदा त्यांच्या भिजलेल्या बनियनकडं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, मी लई चांगला माणूस हाय."

भाभींनी कपाळावर हात मारला. पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. खोलीत कसलाही आवाज नव्हता. मुनीरसाब वळून माझ्याकडं बघत होते.

"हसली," ते म्हणाले. "ऐकलं का गुरुजी?"

"ऐकलं," मी म्हणालो.