मारोतीची बादली

आमच्या हट्टा गावात कुणाच्याही लग्नात पंगतीला बसलात आणि बुंदीची बादली घेऊन एक लांबलचक पोरगं तुमच्याकडं येताना दिसलं, तर ताटावर हात आडवा धरू नका. एका पाहुण्या आजोबांनी धरला होता. मारोतीनं शेजारच्या वाढप्याकडून वरणाचा डाव घेतला आणि सरळ त्यांच्या बोटांवर ओतला. आजोबांनी हात झटकला, तेवढ्यात ताटात बुंदीचा ढीग पडला. "हे आपलं उगं नावाला," म्हणून स्वारी पुढं सरकली.

मारोती माझा वर्गमित्र. बारावीत आम्ही बरोबरीनं नापास झालो. मी घरात तोंड लपवून बसलो आणि हा गावभर वाढत सुटला. त्याला आमंत्रण लागत नाही. मांडव दिसला की बाह्या वर. शुगर, ॲसिडिटी असले आजार तो मानत नाही. "पोटात जागा असती, माणूस ती लपवतो," हे त्याचं वैद्यकशास्त्र. फक्त पोरींच्या रांगेत गेला की त्याचा डाव थरथरतो आणि निम्मी बुंदी मुंग्यांना जाते.

मग आमच्या ताईचं लग्न जवळा बाजारच्या मंगल कार्यालयात ठरलं आणि वडिलांनी बुफे सांगितला. मारोतीला हा घाव सोसेना.

"मंग म्या काय करू तिथं?" त्यानं विचारलं.

जेव, मी म्हणालो. त्यावर त्याचा चेहरा असा पडला, जणू मी त्याला लग्नाला येऊच नको म्हणालो होतो.

तरी आला. केटररनं त्याला टेबलामागून दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा यानं बादलीच उचलली आणि खुर्च्यांमध्ये घुसला. पाहुणे प्लेटा घेऊन पळू लागले. नवरदेवाच्या मामांच्या कोटाच्या खिशात बुंदी गेली. शेवटी वडिलांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातातून बादली हिसकावून घेतली. तो निघून गेला.

पाहुणे पांगल्यावर मला तो सापडला. भटारखान्यामागं फरशीवर मांडी घालून एकटाच जेवत होता. आई लहानपणीच गेलेली, बाप ट्रकवर. घरी हा स्वतःच शिजवतो, स्वतःच वाढून घेतो आणि भिंतीकडं तोंड करून खातो. तिथं त्याला अजून घे म्हणणारं कुणी नाही. इतकी वर्षं सगळं माहीत असूनही त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या ध्यानात आलं.

मी आत जाऊन बादली आणली आणि त्याच्यासमोर उभा राहिलो.

त्यानं झटकन दोन्ही हात ताटावर धरले. "न्हाई, न्हाई. लई झालं."

चेहरा मात्र फुलला होता. मी बादली जराशी मागं घेतली. तशी त्यानं हळूच बोटं फाकवली आणि वर बघत म्हणाला,

"एवढ्यात माझं ऐकून राहिला काहून?"