रोज बाळगावयाच्या कॅमेऱ्याची निवड

मनुष्याला वस्तू नसल्याचे जेवढे दुःख होते, त्याहून अधिक दुःख दोन वस्तूंपैकी एक निवडावी लागली तर होते. म्हणूनच आपल्याकडे नवऱ्या मुलाला मुलगी निवडू देत नाहीत, त्याच्या मामाला निवडू देतात. पुढे दोष द्यायला माणूस ठरलेला असतो.

रत्नागिरी शहर या बाबतीत पुष्कळ वर्षे सुखी होते. फोटो काढायचा तर तीन पायांचा एकच कॅमेरा, एकच फोटोग्राफर आणि एकच रंगवलेला पडदा. पडद्यावर तळे आणि तळ्यात दोन हंस (पैकी एकाचे डोके ओलीने गेलेले). लग्न झाले की जोडपे त्या हंसांपुढे बसे, श्वास रोखून धरी आणि आयुष्यभराचे फोटो आटोपून घरी येई. फोटोने आयुष्य कमी होते असे जाणते लोक सांगत, आणि एकदा कमी झालेले बहुतेकांना पुरे वाटे.

अशा सुखी गावात मुंबईच्या वर्तमानपत्रांतून एक फॅशन बोटीने येऊन उतरली. तिचे नाव 'रोज बाळगावयाचा कॅमेरा'. त्याचे प्रकार दोन. पहिला काळा चौकोनी डबा. पुढे एक डोळा, बाजूला एक खटका, वर एक काच. काचेत पाहायचे, खटका दाबायचा, झाले. दुसरा घडीचा. मिटला तर पोथीएवढा. उघडला की पुढून चामड्याचा भाता बाहेर येतो, लोहाराचा येतो तसा, फक्त वारा घालत नाही. या दुसऱ्याला जाहिरातवाले 'खिशातला' म्हणत. गावात एकाला डबा आणि दुसऱ्याला भाता अशी नावे पडली, आणि नावे पडताच गावात दोन पक्षही पडले.

आता हे प्रकरण कौलांचे व्यापारी हरिश्चंद्रशेट यांच्या घरी कसे आले ते सांगतो. शेटची मुलगी दमयंती हिचे लग्न ठरले होते. जावई रघू मुंबईला नोकरीत. लग्न वैशाखात, आणि पावसासाठी बोटी बंद व्हायच्या आत मुलगी सासरी जायची. मार्गशीर्षात एके दिवशी शेट जेवायला बसले असता त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणाल्या,

"अहो, बायचा एक फोटो काढून ठेवा. त्या हंसांपुढचा नको हो मला. मागल्या दारी बसून हसते ना, तोंडावर हात धरून, तसा पायजे. लगीन झालं की पोरीचं हसू बदलतं. मग कुठून आणायचं ते?"

"काढू की," शेट म्हणाले. "त्यात काय मोठंसं!"

येथवर सगळे बायकी पद्धतीने चालले होते, म्हणजे चार दिवसांत उरकले असते. परंतु शेट व्यापारी माणूस. कौल घेताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघायचे; खणखणले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत. ज्या माणसाने आयुष्यात एक कौल न वाजवता घेतले नाही, तो कॅमेरा डोळे मिटून कसा घेणार? त्यांनी मुंबईच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून डबा आणि भाता दोन्ही पसंतीच्या बोलीवर मागवले, प्रथम दोन्ही वाजवून पाहिले (दोन्ही बद्द वाजले), आणि मग तिघांचे निवड मंडळ नेमले. अध्यक्ष शेट. डब्याच्या पक्षाचा भिकाजी तांडेल. याने अर्धा जन्म गलबतावर काढला होता आणि 'दर्यावर भाता टिकत नाय' हे त्याचे मत कॅमेरा पाहण्याच्या आधीपासूनच पक्के होते. भात्याच्या पक्षाचा मी. मंडळाचा चिटणीसही मीच, कारण माझ्याकडे दौत होती.

मंडळाने पहिली परीक्षा घेतली ती खिशाची. खिशातला कॅमेरा खिशात राहतो का, हे पाहायचे तर आधी खिसा लागतो. शेट दुकानात उघडेच बसत, आणि उघड्या अंगाला ईश्वराने खिसा ठेवलेला नाही. तेव्हा विज्ञानासाठी त्यांनी लग्नातला लोकरी कोट काढला आणि चैत्राच्या उन्हात तो घालून गादीवर बसू लागले. गिऱ्हाइके येत, शेटना कोटात पाहत आणि 'कोण गेले?' असे हळूच विचारून परत जात. भात्याच्या वजनाने कोट एका अंगाला लोंबू लागला. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या खिशात तेवढ्याच वजनाचे कौलाचे खापर ठेवण्यात आले. यामुळे शेट पूर्वीप्रमाणे सरळ चालू लागले. खिशातला कॅमेरा बाळगणे अत्यंत सोपे आहे, फक्त बरोबर कौल बाळगावे लागते, असा निष्कर्ष मी नोंदवला.

डब्याची परीक्षा भिकाजीने मिरकरवाड्यात घेतली. मासळीचा लिलाव ऐन रंगात असताना तो गळ्यात डबा अडकवून त्यातून चालत गेला. लिलाव बंद पडला.

"काय रे भिकाजी," राही नावाची मासेवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरकारात लागलास काय? काय मोजतोस त्या डब्यातून?"

"मोजत नाय गो. फोटोचं यंत्र हाय."

"मग काढ माझा!" असे म्हणून ती उभी राहिली. लगेच म्हणाली, "थांब मेल्या, न्हाऊन येते," आणि टोपली तशीच टाकून घरी गेली. मागोमाग बाकीच्याही गेल्या. त्या दिवशी रत्नागिरीत अर्ध्या घरांतून मासे नव्हते.

या प्रसंगातून मंडळाला एक गहन तत्त्व सापडले. पुढे बाजारात केलेल्या पाहणीत त्याला दुजोराच मिळाला. रोजचा कॅमेरा दिसताच लोकांपैकी निम्मे टोपी सारखी करतात, पाव हिस्सा दाढी करायला घरी जातात आणि उरलेले त्याची किंमत विचारतात. (एक गृहस्थ म्हशीवर बसून चालले होते. ते खाली उतरले आणि म्हैस धुवायला घेऊन गेले.) सारांश, कॅमेरा रोज बाळगता येतो, पण तो बाळगला की समोर रोजचा माणूस राहत नाही. ही अडचण यंत्राची नसून जनतेची असल्यामुळे मंडळाने ती विचारात घेतली नाही.

मुख्य परीक्षा फोटोची. दोन्ही यंत्रांनी एकाच वस्तूचा फोटो काढायचा आणि ताडून बघायचे. पण वस्तू कोणती? भिकाजी म्हणाला, गलबत. गलबत हलते. मी म्हणालो, कलेक्टर कचेरी. तिला परवानगी लागते. मागल्या दारी सुपाऱ्या निवडत बसलेली दमयंती म्हणाली,

"बाबा, मग माझाच काढा की."

ही सूचना मंडळाने एकमताने फेटाळली. दमयंतीचा फोटो हा या कार्याचा अंतिम हेतू होता. त्याचा वापर चाचणीत करणे म्हणजे नैवेद्य चाखून बघण्यासारखे. खूप खल झाल्यावर शेटच्याच लक्षात आले, की न हलणाऱ्या, परवानगी न लागणाऱ्या आणि घरातच असणाऱ्या वस्तू दोन आहेत. एक डबा आणि दुसरा भाता.

त्याप्रमाणे परसात फणसाखाली पाट मांडला. पाटावर भाता ठेवून डब्याने त्याचे फोटो काढले, मग डबा ठेवून भात्याने त्याचे. पाट जमिनीवर, त्यामुळे शेट पोटावर आडवे पडले. अंगात लोकरी कोट, एका खिशात कौल. भिकाजी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून, आणि मी 'आता' म्हणायला. कौल बरगडीला टोचले की शेट 'अगाई' म्हणत, आणि 'आता' कोणते व 'अगाई' कोणते यात दोनदा घोटाळा झाला. एकदा वरून पिकला फणस सुटला आणि छत्रीवर पडला. एवढ्यावर मागल्या दारी दमयंतीला हसू फुटले. तोंडावर हात धरला तरी आवरेना. मांडीवरल्या सुपाऱ्या घरंगळत पार विहिरीपर्यंत गेल्या. आनंदीबाई धावत बाहेर आल्या.

"अहो, बघा, बघा! असंच! असंच हसते ती! काढा आत्ता!"

"थांब गो," शेट पडल्या पडल्या म्हणाले, "परीक्षा चाललेय. आणि तिला म्हणावं जरा बाजूला हो, मधे येतेय."

दोन्ही यंत्रांच्या रिळांत प्रत्येकी एकेक फोटो तेवढा शिल्लक ठेवण्यात आला. निकाल लागला की विजयी यंत्राने तो दमयंतीचा काढायचा होता.

निकाल लागला नाही. मतदान घेतले तेव्हा भिकाजी डब्याकडे, मी भात्याकडे, आणि अध्यक्षांनी सांगितले की तराजूची दांडी धरणारा कुठल्याही पारड्यात बसत नाही. वैशाखात लग्न झाले. लग्नात मंडळाची बैठक होऊ शकली नाही.

अखेर ज्येष्ठ उजाडला आणि बोटीचा दिवस आला. बोट खोल पाण्यात उभी. उतारूंनी मचव्यात बसून तिथवर जायचे. धक्क्यावर शेट दोन्ही कॅमेरे घेऊन हजर होते. आनंदीबाई एवढेच म्हणाल्या, "आता कोणता पण चालेल. दोन्हीनं काढा, पण काढा."

शेटनी मान डोलावली आणि कार्याला पद्धतशीर सुरुवात केली. चहाच्या दुकानातून खुर्ची आणवली. खुर्चीत दमयंती, मागे रघू, शेजारी आनंदीबाई. तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "तीन तिघाडा!" खरेच होते, तिघांचा फोटो काढू नये हे लहान पोरही जाणते. चौथा माणूस म्हणून भिकाजीला उभे केले. भिकाजी बोडका. बोडक्या पुरुषाचा फोटो म्हणजे सुतकाचा. रघूची टोपी त्याला दिली, तर रघू बोडका झाला. दोन्ही डोकी झाकणारी एकच टोपी जगात नसल्याने ती दोघांच्या मध्ये फिरू लागली. शेवटी एका उतारूचे पागोटे ओढून भिकाजीला घातले. ते त्याच्या नाकापर्यंत उतरले आणि आतून आवाज आला, "शेट, मना काय दिसत नाय, फोटो झाला काय?"

दमयंती हसू लागली. तशीच, तोंडावर हात धरून. खुर्ची हलू लागली. रघूही हसला. आनंदीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण हसत होत्या त्याही.

शेटचे बोट डब्याच्या खटक्यावर होते. "थांब, बाय, हसू नको," ते म्हणाले. "हललीस तर दोष यंत्राला लागेल."

मचव्यावरचा खलाशी ओरडला, "ओ शेट, बोट थांबायची नाय!"

शेटनी तिचे हसू थांबेपर्यंत वाट पाहिली. ते थांबले. थांबल्याबरोबर तिने एकदा धक्क्याकडे पाहिले, एकदा आईकडे, आणि तिचा चेहरा असा काही झाला की शेटनी आपण होऊन बोट खटक्यावरून काढले. रडणाऱ्या नवरीचा फोटो काढत नाहीत.

मचवा निघाला. शेट डब्याच्या काचेतच बघत उभे राहिले. त्या काचेत उजवे डावीकडे दिसते आणि डावे उजवीकडे. "अरे, वळला की मचवा," ते एकदम म्हणाले. मी वर पाहिले. मचवा वळला नव्हता. यंत्राचा हा दोष मी लिहून घेतला.

पावसाळाभर रिळे भाताच्या कोंड्यात पुरून ठेवली. नारळी पौर्णिमेनंतर बोटी चालू झाल्या, रिळे मुंबईला गेली आणि फोटो आले. डब्याने काढलेला भाता उत्कृष्ट होता. भात्याने काढलेला डबाही उत्कृष्ट होता. दोष एकच निघाला: एका फोटोत कडेला, मागल्या दाराशी, कोणीतरी हलले होते. ताडून बघताना नजर तिकडेच जाई, म्हणून मंडळाने न्यायबुद्धीने सगळ्याच फोटोंच्या कडा कात्रीने छाटून सारख्या केल्या.

केर काढताना त्या छाटलेल्या कडा आनंदीबाईंच्या हाती लागल्या. त्यातली एक त्यांनी दाराच्या उजेडात नेली आणि कितीतरी वेळ धरून उभ्या राहिल्या. बोटाच्या पेराएवढे एक तोंड, थोडे पुसट, त्यावर हात. त्यांनी ती पट्टी आरशाच्या चौकटीत खोचली. दिवाळीला दमयंती आली. मुंबईच्या एका खोलीत सासू, सासरे, दीर असे सगळे राहतात. ती आता आवाज न करता हसायला शिकली होती. आनंदीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि एकदा आरशाकडे.

ही हकीकत आम्ही पुष्कळांना सांगितली. पट्टीचा भाग आला की ऐकणारे जवळ सरकतात. कोणी उपरण्याने डोळे टिपतो. मग प्रत्येक जण विचारतो, "पण ती पट्टी कोणत्या कॅमेऱ्याची? डब्याची की भात्याची?" प्रश्न अगदी रास्त आहे. मंडळाने तपासणीसाठी पट्टी मागितली. आनंदीबाईंनी लाटणे दाखवले. तेव्हापासून दोन्ही यंत्रे कोंड्यात आहेत आणि चौकशी सुरू आहे.

तुम्ही वाचक मंडळी सुज्ञ. तुमच्या मनात तो प्रश्न आलाच नसेल. आला असलाच तर संकोच नको. आणि एवढे वाचेपर्यंत तुमच्या मागल्या दारी कोणी हसले असेल आणि 'इकडे बघा' म्हणाले असेल, तर तुम्हीही मान वर न करता आमच्या शेटसारखेच म्हणाला असाल: थांब जरा, एवढे संपू दे.